"सॉरी, नो हेल्प फॉर…": प्लगइनची मदत पुन्हा पुन्हा का हरवते

लक्षण असं. विम या टेक्स्ट एडिटरमध्ये नवीन प्लगइन (नव्या सोयी जोडणारा छोटा प्रोग्राम) टाकलं. कमांड चालतात, शॉर्टकट चालतात, पण :हेल्प लिहून पुढे प्लगइनचं नाव दिलं की खाली एरर येते: "ई१४९: सॉरी, नो हेल्प फॉर…". कोणीतरी सांगतं, :हेल्पटॅग्ज चालव. तुम्ही चालवता आणि मदत उघडते. महिनाभराने प्लगइन अपडेट होतं, नव्या ऑप्शनबद्दल वाचायला जाता, तर पुन्हा तीच ओळ समोर.

मी एक लहानसं प्लगइन सांभाळते. मध्येच तुटलेल्या ओळी जोडून परिच्छेद सरळ करणं एवढंच त्याचं काम, आणि नाव ओळजोड. त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त वेळा आलेली तक्रार हीच: मदत सापडत नाही. तक्रारीचे शब्द दर वेळी तेच होते, पण तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. पहिल्या वेळी दोष वापरणाऱ्याच्या मशीनवर होता आणि पुढच्या दोन्ही वेळी माझ्याकडे. म्हणून ही पोस्ट प्लगइन वापरणाऱ्यांसाठी आहे तशीच लिहिणाऱ्यांसाठीही आहे. त्रास वापरणाऱ्याला होतो, पण कायमचा इलाज बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्या हातात असतो.

एक खुलासा: कमांड, फाईल आणि फोल्डर यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना नेहमीचं रोमन स्पेलिंगच वापरायचं.

आधी एररचा नंबर वाचा

प्लगइनच्या डॉक फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाईल असते, तीच मदत. पण :हेल्प शोधताना ती फाईल उघडून वाचत बसत नाही. त्याच फोल्डरमध्ये टॅग्ज नावाची, एक्स्टेन्शन नसलेली दुसरी फाईल असते आणि :हेल्प फक्त तिच्यात बघतं. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी ही सूची. तिची एक ओळ अशी दिसते:

ओळजोड-रुंदी    ओळजोड.टीएक्सटी    /*ओळजोड-रुंदी*

टॅबने वेगळे केलेले तीन रकाने. पहिला शोधायचा शब्द, दुसरा फाईल, तिसरा त्या फाईलमध्ये कुठे जायचं त्याचा नमुना. ही सूची कोणी हाताने लिहीत नाही. :हेल्पटॅग्ज कमांड डॉक फोल्डरमधल्या फाईली चाळते, दोन स्टारच्या (*) मध्ये घातलेले शब्द, म्हणजे टॅग, गोळा करते आणि सूची बनवते. आधीची सूची असेल तर न विचारता तिच्यावर नवी लिहिते, त्यामुळे सूचीत हाताने केलेली दुरुस्ती टिकत नाही.

एवढं लक्षात आलं की एररचा नंबरच बरंच सांगून जातो. ई१४९ म्हणजे सूचीत शब्दच नाही, किंवा सूचीच नाही. ई४२९ म्हणजे सूचीत शब्द आहे, पण तिने सांगितलेली फाईल जागेवर नाही. ई४३४ म्हणजे फाईल आहे, पण तिच्यात ती खूण नाही. शेवटचे दोन नंबर दिसले तर फार शोधायची गरज नाही. मदतीची फाईल पुढे गेली आहे आणि सूची मागे राहिली आहे. सूची नव्याने बनवा, काम होईल. डोकं लावावं लागतं ते ई१४९ ला.

ई१४९ आला की मी दोन ओळी चालवते, याच क्रमाने:

:एको ग्लोबपाथ(&आरटीपी, 'डॉक/ओळजोड.टीएक्सटी')
:एको ग्लोबपाथ(&आरटीपी, 'डॉक/टॅग्ज')

पहिली ओळ विचारते, मदतीची फाईल विमला दिसतेय का? आरटीपी म्हणजे रनटाइमपाथ, विम ज्या ज्या फोल्डरांत डोकावतो त्यांची यादी. उत्तर रिकामं आलं तर सूचीकडे वळूच नका. एकतर फाईल डिस्कवर नाही, नाहीतर विम बघतो त्या जागी नाही. दुसरी ओळ सूची कुठे कुठे आहे ते दाखवते. पहिल्या उत्तरात आलेल्या फोल्डरचं नाव दुसऱ्यात नसेल, तर फाईल आहे पण सूची नाही. दोन्हीकडे ते फोल्डर असेल, तर टॅग्ज फाईल उघडून हवा तो शब्द तिच्यात शोधा.

फाईल दिसतच नसेल तर

विम ८.० सप्टेंबर २०१६ मध्ये आला. तेव्हापासून वेगळ्या प्लगइन मॅनेजरशिवायही (प्लगइन बसवणारा आणि अपडेट करणारा प्रोग्राम) प्लगइन लावता येतं. फक्त फोल्डरांची उतरंड नेमकी हवी:

~/.विम/पॅक/माझे/स्टार्ट/ओळजोड/डॉक/ओळजोड.टीएक्सटी

"माझे" या जागी कोणतंही नाव चालतं, पण काहीतरी नाव हवंच. पॅकच्या खाली थेट स्टार्ट ठेवलं तर विम तिकडे बघत नाही. दुसरी नेहमीची चूक झिपमधून होते. झिप उघडल्यावर आत आणखी एक फोल्डर निघतं, तेही बहुधा त्याच नावाचं, आणि ओळजोडच्या आत ओळजोड अशी जोडी तयार होते. डॉक एक पायरी खोल गेलं की विमच्या दृष्टीने ते नाहीच. या दोन्ही चुकांत प्लगइनच्या कमांडही चालत नाहीत, त्यामुळे त्या लगेच ओळखू येतात.

कमांड चालतात पण मदत नाही, हा प्रकार जास्त चकवतो. काही मॅनेजर प्लगइन उशिरा लोड करतात. कमांडचं फक्त नाव नोंदवून ठेवतात आणि तुम्ही ती पहिल्यांदा वापरली की खरं प्लगइन आणतात. तोपर्यंत प्लगइनचं फोल्डर रनटाइमपाथमध्ये नसू शकतं, आणि मग त्याची मदतही नसते. सकाळी मदत सापडली नाही आणि दुपारी सापडली असं कोणी सांगितलं, तर मी पहिला प्रश्न हाच विचारते: मधे कमांड वापरली होती का? विमच्या स्वतःच्या व्यवस्थेतही स्टार्टऐवजी ऑप्ट फोल्डरमध्ये ठेवलेलं प्लगइन :पॅकअ‍ॅड म्हटल्याशिवाय येत नाही. त्याची मदत हवी असेल तर आधी :पॅकअ‍ॅड, मग :हेल्प.

सूची नसेल, किंवा शिळी असेल तर

:हेल्पटॅग्ज ऑल

यात ऑल मोठ्या अक्षरांत लिहायचं. मग विम रनटाइमपाथमधल्या प्रत्येक डॉक फोल्डरची सूची बनवतो, पण तुम्हाला जिथे लिहायची परवानगी आहे तिथलीच. सगळ्या मशीनसाठी मिळून सिस्टिमच्या फोल्डरात बसवलेलं प्लगइन यातून सुटतं. त्याची सूची बसवणाऱ्या पॅकेजनेच बनवायला हवी.

इथे एक इशारा. परवानगीची अडचण आली म्हणून काही जण सुडो लावून (म्हणजे रूट या सर्वाधिकारी यूझरच्या नावाने) विम उघडतात आणि तिथून :हेल्पटॅग्ज चालवतात. त्या वेळी काम होतं. पण स्वतःच्या फोल्डरमध्ये रूटच्या मालकीची टॅग्ज फाईल तयार होते आणि पुढच्या वेळी साध्या यूझरने त्या फोल्डरचं नाव देऊन सूची बनवायला गेलात की ई१५२ येतो: लिहिण्यासाठी फाईल उघडता येत नाही. ती फाईल एकदा पुसून टाका आणि सुडोशिवाय पुन्हा बनवा.

आता मूळ प्रश्न: हे पुन्हा पुन्हा का होतं? कारण सूची तुमच्या मशीनवर बनते आणि मदतीची फाईल लेखकाकडून येते. अपडेटमध्ये फाईल बदलते, पण सूचीला कोणी हात लावत नाही. विम-प्लगसारखे मॅनेजर इन्स्टॉल आणि अपडेटच्या वेळी सूची स्वतः बनवून देतात, म्हणून त्यांच्या वापरकर्त्यांना हा त्रास फारसा जाणवत नाही. विमची अंगभूत पॅकेज व्यवस्था प्लगइन लोड करते, सूची बनवत नाही. तुम्ही गिट (फाईलींच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम) वापरत असाल आणि गिट पुल करून, म्हणजे लेखकाचे नवे बदल उतरवून, प्लगइन अपडेट करत असाल तर सूचीचं काम तुमच्याकडेच राहतं.

काही जण :हेल्पटॅग्ज ऑल ही ओळ विमआरसीत (विम उघडताना वाचतो ती सेटिंगची फाईल) टाकतात आणि तरीही काही होत नाही म्हणून चक्रावतात. विममध्ये स्टार्टखालची प्लगइन रनटाइमपाथमध्ये येतात ती विमआरसी वाचून झाल्यावर. म्हणजे तुमची ओळ चालते तेव्हा ती फोल्डरं यादीत आलेलीच नसतात. त्या ओळीच्या आधी :पॅकलोडऑल लिहिलं तर ती आधीच लोड होतात आणि सूची बनते. मात्र दर वेळी विम उघडताना सगळ्या सूच्या नव्याने लिहिल्या जातात. मला ते पटत नाही. प्लगइन महिन्यातून एकदा बदलतं आणि विम दिवसातून वीसदा उघडतो. ज्या स्क्रिप्टमध्ये गिट पुल आहे तिच्याच शेवटी ही ओळ टाकणं बरं:

विम -यू नन -सी "हेल्पटॅग्ज ~/.विम/पॅक/माझे/स्टार्ट/ओळजोड/डॉक" -सी क्यू

विम विमआरसी न वाचता उघडतो, सूची बनवतो आणि बंद होतो. ओळजोडची पहिली तक्रार याच ओळीने मिटली.

लेखकांनो, टॅग्ज फाईल कमिट करू नका

सूची नसल्यामुळे लोकांना त्रास होतो, म्हणून काही लेखक भल्या हेतूने स्वतःची टॅग्ज फाईलच कमिट करतात, म्हणजे रेपोत (गिट सांभाळतं त्या प्लगइनच्या फोल्डरात) नोंदवून घालतात. त्यातून दुसरी, जास्त चिवट अडचण उभी राहते. लेखक मदत बदलतो पण सूची पुन्हा बनवायला विसरतो. वापरणाऱ्याचा मॅनेजर ती बनवतो. दोन्हींत फरक पडतो आणि पुढच्या पुलच्या वेळी गिट अडून बसतं: तुमचे स्थानिक बदल पुसले जातील, डॉक/टॅग्ज. ज्या माणसाने प्लगइनच्या एका अक्षरालाही हात लावलेला नाही, त्याला "तुमचे बदल" असं वाचावं लागतं. तो घाबरतो, आणि घाबरणारच.

वापरणाऱ्याने अशा वेळी गिट चेकआउट डॉक/टॅग्ज करून बदल सोडून द्यावा, मग पुल करावं, मग सूची बनवावी. लेखकाने मात्र ही फाईल रेपोतून काढावी (गिट आरएम --कॅश्ड डॉक/टॅग्ज) आणि .गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाईलींची यादी) डॉक/टॅग्ज ही ओळ घालावी. त्यात एक खाच आहे. ज्या कमिटमध्ये ही फाईल काढली जाते, तो कमिट पुल केला की वापरणाऱ्याच्या मशीनवरची टॅग्ज फाईलही गिट पुसून टाकतं. म्हणजे त्या एका अपडेटनंतर, मॅनेजर नसलेल्या प्रत्येकाची मदत गायब होणार. रिलीजच्या नोंदीत "या अपडेटनंतर :हेल्पटॅग्ज चालवा" असं पहिल्याच ओळीत लिहा.

आणि फाईल काढली पण इग्नोरची ओळ घातली नाही, तर सबमॉड्यूल वापरणारे, म्हणजे आपल्या रेपोच्या आत प्लगइनचे रेपो ठेवणारे, वैतागतात. त्यांच्या मुख्य रेपोत गिट स्टेटस केलं की प्रत्येक प्लगइनसमोर "अनट्रॅक्ड कंटेंट" दिसतं, कारण नव्याने बनलेली सूची गिटच्या ओळखीची नसते. लेखकाने ती ओळ घालेपर्यंत वापरणारा स्वतःच्या ग्लोबल इग्नोर फाईलमध्ये डॉक/टॅग्ज लिहून सुटका करून घेऊ शकतो.

क्लोनमध्ये आहे, झिपमध्ये नाही

दुसरी तक्रार आली तेव्हा मी आत्मविश्वासाने उत्तर दिलं: :हेल्पटॅग्ज ऑल चालवा. समोरून शांतपणे उत्तर आलं, चालवलं, काही फरक नाही. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या निरोपात त्या माणसाने फोल्डरमधल्या फाईलींची यादीच पाठवली. प्लगइन होतं, ऑटोलोड होतं, डॉक नव्हतंच.

माझ्या मशीनवर सगळं ठीक होतं. रेपोत डॉक होतं. ज्यांनी क्लोन केलं होतं, म्हणजे गिटने रेपोची प्रत उतरवली होती, त्यांच्याकडेही होतं. त्याने मात्र रिलीजची झिप घेतली होती, आणि ती झिप मी गिट आर्काइव्हने बनवली होती. चाचण्यांच्या फाईली झिपमध्ये जाऊ नयेत म्हणून मी कधीतरी .गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये एक्सपोर्ट-इग्नोरच्या ओळी घातल्या होत्या, आणि त्यांत डॉकचीही एक ओळ होती. तेव्हा डॉकमध्ये फक्त स्क्रीनशॉट होते. मदतीची फाईल नंतर तिथे आली आणि ती ओळ तशीच राहिली. गिट आर्काइव्ह गाळलेल्या फोल्डरबद्दल काही बोलत नाही, आणि बोलावं अशी अपेक्षाही नाही, कारण ते सांगितलेलंच करत असतं.

याच जातीचा दुसरा दोष .गिटइग्नोरमध्ये असतो. दुसऱ्या प्रकारच्या प्रकल्पांतून उचललेल्या तयार इग्नोर फाईलींमध्ये डॉक फोल्डर आपोआप तयार होणारं म्हणून वगळलेलं असू शकतं. मग तुमची मदतीची फाईल रेपोत कधी जातच नाही आणि गिट स्टेटस स्वच्छ दिसतं. शंका आली तर गिट चेक-इग्नोर -व्ही लिहून पुढे फाईलचं नाव द्या. कोणत्या फाईलमधल्या कोणत्या ओळीने ती अडवली आहे ते नेमकं दिसतं.

त्या दिवसापासून रिलीज करण्याआधी मी एक पायरी कधीच गाळत नाही. तात्पुरत्या जागी एक रिकामं फोल्डर करते, त्याच्या आत .विमची उतरंड तयार करते, नुकतीच बनवलेली झिप तिथे उघडते आणि होम हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल त्या फोल्डरकडे वळवून विम सुरू करते. आता त्या विमला माझी विमआरसी माहीत नाही, माझी जुनी सूची माहीत नाही, माझे शॉर्टकट माहीत नाहीत. तिथे :हेल्पटॅग्ज ऑल, मग :हेल्प ओळजोड. ते उघडलं तर झिप पुढे जाते. या कामाला दोन मिनिटं लागतात. माझ्या नेहमीच्या विममध्ये ही तपासणी कितीही वेळा केली तरी उपयोग नव्हता, कारण तिथे आधीची सूची पडलेली होती आणि क्लोन केलेलं डॉकही होतं.

ज्या लेखकाचं मशीन विंडोजवर आहे, त्याने झिपमधल्या ओळींचे शेवटही बघावेत. विम स्क्रिप्टच्या ओळी सीआरएलएफने (विंडोजची ओळ संपवण्याची खूण) संपत असतील तर लिनक्सवर ई४९२ च्या रांगा लागतात आणि शेवटी ^एम दिसतं. .गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये स्क्रिप्टच्या फाईलींना ईओएल=एलएफ लावलं की हा विषय संपतो.

एकच टॅग हरवतो तेव्हा

तिसरी तक्रार सगळ्यात विचित्र होती. :हेल्प ओळजोड उघडतं, बाकी सगळे टॅग सापडतात, फक्त ओळजोड-रुंदी सापडत नाही. सूची ताजी होती. फाईलमध्ये टॅग डोळ्यांना स्पष्ट दिसत होता, स्टारसकट. स्पेलिंग अक्षर अक्षर लावून पाहिलं, बरोबर होतं. फाईलचा तो भाग असा होता:

उदाहरण: >
        :ओळजोड ७२

                                        *ओळजोड-रुंदी*
रुंदी दिली नाही तर टेक्स्टविड्थची किंमत घेतली जाते.

चूक पहिल्या ओळीत आहे. मदतीच्या फाईलमध्ये ओळीच्या शेवटी > आलं की तिथून कोडचं उदाहरण सुरू होतं. ते संपतं पहिल्या रकान्यात, म्हणजे ओळीच्या अगदी सुरुवातीला, < आल्यावर, किंवा पहिल्या रकान्यात कोणतंही अक्षर आल्यावर. मी < लिहायला विसरले होते. टॅग उजवीकडे सरकवलेला होता, म्हणजे त्याची ओळ मोकळ्या जागेने सुरू होत होती. म्हणून :हेल्पटॅग्जच्या हिशेबी उदाहरण अजून चालूच होतं, आणि उदाहरणाच्या आतले टॅग ते घेत नाही. घेऊ नयेच, नाहीतर कोडमधले गुणाकाराचे स्टारही टॅग होतील. पुढची ओळ "रुंदी" या शब्दाने पहिल्या रकान्यात सुरू झाली आणि उदाहरण तिथे संपलं, म्हणून त्यापुढचे सगळे टॅग शाबूत होते. उदाहरणाच्या शेवटी पहिल्या रकान्यात एक < टाकलं आणि टॅग सूचीत आला.

ही चूक नजरेने पकडता येते. विममध्ये मदतीची फाईल :हेल्पमधून उघडली की खऱ्या टॅगचे स्टार लपतात आणि त्याचा रंग बदलतो. उदाहरणात अडकलेल्या टॅगचे स्टार तसेच दिसत राहतात. मला "स्टारसकट स्पष्ट" दिसत होता, तिथेच उत्तर होतं.

टॅग न सापडण्याची बाकीची कारणं लवकर सांगण्यासारखी आहेत. टॅगच्या आत स्पेस, टॅब किंवा उभी रेघ चालत नाही. सुरुवातीच्या स्टारच्या आधी मोकळी जागा किंवा ओळीची सुरुवात हवी, आणि शेवटच्या स्टारनंतरही मोकळी जागा किंवा ओळीचा शेवट हवा. कंसात घातलेला टॅग धरला जात नाही.

उलटं संकट म्हणजे नको असलेले टॅग. बरेच जण रीडमी आधी लिहितात आणि मग तोच मजकूर डॉकमध्ये चिकटवतात. मार्कडाउनमध्ये शब्द तिरपा करायला त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक स्टार देतात, आणि विमच्या मदतीत नेमकी तीच टॅगची खूण आहे. तुम्ही जोर देण्यासाठी *नेहमी* असं लिहिलं की "नेहमी" नावाचा टॅग तयार होतो. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा लिहिलं की ई१५४ येतो: डुप्लिकेट टॅग. दुहेरी स्टारने ठळक केलेला शब्द मात्र टॅग होत नाही, म्हणून एररमध्ये काही शब्द दिसतात आणि काही नाही, आणि माणूस गोंधळतो. ई१५४ चं आणखी साधं कारण म्हणजे डॉकमध्ये राहिलेली जुनी प्रत. ओळजोड-जुनं.टीएक्सटी अशी फाईल असेल तर तिच्यातला प्रत्येक टॅग दोनदा मोजला जातो.

टॅगच्या नावाला प्लगइनचं नाव जोडायची सवयही याच एररमुळे लागली असावी असं मला वाटतं. :हेल्पटॅग्ज ही कमांड विममध्ये ६.० पासून, म्हणजे २००१ पासून आहे. त्या काळात प्लगइन उतरवून सगळ्या फाईली थेट .विम फोल्डरमध्ये ओतायची पद्धत होती, त्यामुळे सगळ्यांची मदत एकाच डॉकमध्ये जमायची. दोघांनी इन्स्टॉल हा टॅग ठेवला की टक्कर ठरलेली. आता प्रत्येक प्लगइनचं डॉक वेगळं असतं आणि टक्कर झाली तरी एरर येत नाही. ते जास्त वाईट आहे, कारण :हेल्प इन्स्टॉल म्हटल्यावर दुसऱ्याच कोणाचं पान उघडू शकतं. ओळजोड-इन्स्टॉल असंच लिहा. प्रत्येक कमांडला, प्रत्येक ऑप्शनला स्वतःचा टॅग द्या, आणि ऑप्शनच्या टॅगमध्ये व्हेरिएबलचं पूर्ण नाव ठेवा. मग वापरणारा स्वतःच्या विमआरसीत त्या नावावर कर्सर ठेवून मोठा के दाबतो आणि थेट तुमच्या परिच्छेदावर पोचतो. टॅगचं नाव बदलावं लागलं तर जुना टॅग त्याच ओळीवर नव्याच्या शेजारी राहू द्या. एका ओळीवर कितीही टॅग चालतात, आणि जुन्या नावाने लिहिलेले दुवे तुटत नाहीत.

पहिली ओळ

मदतीच्या फाईलची पहिली ओळ वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची आहे. पहिल्या रकान्यापासून स्टारमध्ये फाईलचं नाव, मग टॅब, मग एका वाक्यात ओळख. :हेल्प लोकल-अ‍ॅडिशन्स म्हटलं की विम सगळ्या प्लगइनच्या पहिल्या ओळी उचलून एक यादी दाखवतो. तिथे आपलं प्लगइन नीट दिसत नसेल, किंवा नावावरून उडी मारता येत नसेल, तर बहुधा ही ओळ रिकामी सोडलेली असते किंवा तिथे नुसती सजावटीची रेघ असते.

इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत मदत लिहिणाऱ्यांना या ओळीत आणखी एक खड्डा आहे. फाईल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवण्याची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) आहे का, हे :हेल्पटॅग्ज फक्त पहिल्या ओळीवरून ठरवतं. एका फाईलच्या पहिल्या ओळीत देवनागरी अक्षरं असतील आणि त्याच भाषेच्या शेजारच्या फाईलची पहिली ओळ निव्वळ रोमन असेल, तर ई६७० येतो: एकाच भाषेच्या मदतीत एन्कोडिंगची सरमिसळ. दोन्ही फाईली खरोखर यूटीएफ-८ असल्या तरी येतो, म्हणूनच तो कळायला वेळ लागतो. प्रत्येक फाईलच्या ओळखीच्या वाक्यात एक तरी देवनागरी शब्द ठेवला की तो जातो. अनुवादाच्या फाईलचं एक्स्टेन्शन टीएक्सटी नसतं. भाषेची दोन अक्षरं आणि पुढे एक्स, म्हणजे मराठीसाठी एमआरएक्स. त्यांची सूचीही वेगळी बनते, टॅग्ज-एमआर. ती .गिटइग्नोरमध्ये घालायला विसरू नका. शोधताना टॅगच्या पुढे @एमआर लावलं की मराठी पानच उघडतं, आणि ते नसेल तर ई१४९ ऐवजी ई६६१ दिसतो.

हे सगळं रीडमीत लिहिलं तर चालणार नाही का, असं मला दोघातिघांनी विचारलं आहे. रीडमी नव्या माणसाला ओळख करून देण्यासाठी हवंच. पण वेबवर दिसणारं रीडमी बहुधा सगळ्यात ताज्या आवृत्तीचं असतं आणि वापरणाऱ्याकडे कदाचित वर्षापूर्वीची आवृत्ती असते. तिथे वाचलेला ऑप्शन त्याच्याकडे चालत नाही आणि तो बिघाड समजतो. डॉकमधली फाईल ज्या आवृत्तीबरोबर आली त्याच आवृत्तीबद्दल बोलते, आणि नेट नसतानाही उघडते.

इतकं बघूनही ई१४९ जात नसेल तर लेखकाला कळवा, आणि कळवताना एवढं द्या: एररची पूर्ण ओळ नंबरसकट, वरच्या दोन ग्लोबपाथ ओळींची उत्तरं, प्लगइन कसं बसवलं, म्हणजे क्लोन, झिप की मॅनेजर, आणि :व्हर्जनची पहिली ओळ. ओळजोडच्या दुसऱ्या तक्रारीत ग्लोबपाथचं रिकामं उत्तर पहिल्याच निरोपात आलं असतं, तर त्या माणसाला मी दोनदा चुकीचा उपाय सांगितला नसता.